शाल लोंबत का नाही?

“पण मेजर, ती लोंबत का न्हाई?”

धैर्यशीलनं हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. मेजर सुपारी कातरत होते. त्यांनी सुपारी संपवली, अडकित्ता मिटला आणि मग वर पाहिलं.

“कोण?”

“शाल.”

“कुठाय?”

“ही काय!”

धैर्यशीलनं ओसरीच्या कोपऱ्याकडं हात केला. शाल तिथं उभी होती. कुणी टांगली नव्हती, कुणी धरली नव्हती. आपली आपण उभी होती, भिंतीला जरा टेकून.

मेजरांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं...

“बस म्हणावं तिला,” ते म्हणाले.

आता हे कोण आणि ती शाल कसली, ते सांगायला हवं.

आमच्या पिंपरतळ्यात पाईप बँड आहे, काखेतली पिशवी फुगवून वाजवायच्या पाईपांचा. गेनबा सुर्वे फौजेतून पाईप मेजर म्हणून परत आले आणि त्यांनी गावातली रिकामटेकडी पोरं गोळा करून तो उभा केला. आम्ही चौकड्यांचे लोकरी घागरे घालतो. साहेबी भाषेत त्याला किल्ट म्हणतात. गाव आम्हाला घागरा पलटण म्हणतं, आणि लग्न ठरलं की मात्र हात जोडून बोलवायला येतं.

घागऱ्याबरोबर बराच सरंजाम असतो. गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, मोज्यांच्या घडीखालून डोकावणाऱ्या लाल पट्ट्या, आणि जो सगळ्यांच्या पुढं चालतो त्याच्या डाव्या खांद्यावर ही लांब शाल. खांद्यावर बिल्ल्यानं अडकवायची आणि पाठीमागं पोटरीपर्यंत सोडून द्यायची. ती सरळ लोंबली पाहिजे. सूर चुकला तर मेजर नुसतं बघतात. शाल वाकडी लोंबली तर जेवत नाहीत.

मी मोठा ढोल वाजवतो. पोटावर ढोल असल्यामुळं मला रस्ता दिसत नाही, पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. तेव्हा पाठींबद्दल मी जे सांगेन ते बिनधास्त खरं धरावं.

येत्या रविवारी धैर्यशीलचा थोरला भाऊ, हवालदार रणधीर जगदाळे, फौजेतून निवृत्त होऊन गावी येणार होता. आमच्याकडं जवान घरी आला की एस.टी. स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक निघते. पुढं बँड असतो. बँडाच्या पुढं आजवर मेजर असायचे, पण त्यांचा गुडघा गेला होता.

“रविवारी पुढं मी चालू?” धैर्यशीलनं विचारलं होतं.

“शाल लोंबली तर चाल,” मेजर म्हणाले होते.

“आणि न्हाई लोंबली तर?”

“तर मी लंगडत जातो.”

एवढाच करार होता. धैर्यशीलला मात्र त्या करारानं झोप येईना. तो दोनदा भरतीला गेला होता. धावण्यात पहिला आला, लांब उडीत पहिला आला, आणि छाती मोजताना बोटभर कमी भरला. भावासारखी वर्दी अंगावर चढली नाही. निदान भाऊ उतरेल तेव्हा समोर घागरा तरी झोकात दिसावा, एवढीच त्याची इच्छा राहिली होती. आम्ही त्याला सगळ्यावरून चिडवायचो, पण यावरून कधी चिडवलं नाही.

तर, शाल कोपऱ्यात उभी होती.

“तिला काय केलंस?” मेजरांनी विचारलं.

“काय न्हाई. धुतली.”

“आणि?”

“आणि काय न्हाई.”

मेजरांनी बसल्या जागेवरून काठीनं शाल ढोसली. ती वाकली नाही.

“जरा खळ दिली,” धैर्यशील म्हणाला.

“कशाची?”

“चिंचोक्याची.”

आमच्या भागात घोंगडी विणून झाली की तिला चिंचोके शिजवून केलेली खळ देतात. घोंगडी ताठ होते, पाणी धरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. धैर्यशीलच्या आईचं माहेर घोंगड्यांच्या गावचं. तिथून त्यानं ही विद्या उचलली होती आणि वर दोन हात जास्तच खळ चोपडली होती.

“ती घोंगडी हाय का?” मेजर म्हणाले.

“लोकरच हाय की, मेजर. मेंढराला काय ठाऊक, आपली घोंगडी हुणार का शाल हुणार?”

हे उत्तर मला आवडलं. मेजरांनाही आवडलं असावं, कारण ते उठले. उठून गोठ्यात गेले आणि वासरू सोडून आले.

वासरू ओसरीवर चढलं. त्यानं हवेत नाक फिरवलं, कोपऱ्यात गेलं, आणि शालीचं एक टोक तोंडात घालून डोळे मिटून चाटू लागलं. चिंचोका म्हणजे जनावरांचा जीव की प्राण.

“मेजर! आवं मेजर, खातंय की ते!”

“थांब.”

“आवं पण...”

“थांब म्हणतो ना. धुलाई चाललीय.”

वासरानं एक बाजू पुरी केली. मेजरांनी शाल फिरवून दुसरी बाजू त्याच्या पुढं केली. धैर्यशील डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मी खांबामागं तोंड दाबून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मेजर काही शिकवत नाहीत. ही त्यांची शिकवायची पद्धत आहे. शिकवतात त्या हौसाकाकू, त्यांच्या मंडळी, आणि त्या स्वयंपाकघरातूनच शिकवतात.

“आरं बाबा, गार पाण्यातनं काढ तिला आता!” काकूंनी आतून हाक दिली. “पिळू नगंस. चादरीत गुंडाळून दाब. सावलीत आडवी पसर. उनात घालशील तर आखडंल. आन् वाळली की मऊ ब्रश, एकाच बाजूनं. आन् घडी कशाला घालतूस मेली ट्रंकंत, चुण्या पडत्यात. चुण्या पडल्याच तर ओलं फडकं टाकून वरनं इस्त्री, नुसती वाफ लागू दे. आन् एक दिस घातली की एक दिस निजू दे तिला. ती बी दमतीया!”

मेजरांच्या कपाळावर आठी चढली.

“सगळं सांगून टाकलंस,” ते आत बघून म्हणाले.

“मग काय, पोरगं वासराकडनं शिकणार व्हय?”

मेजरांनी वासराकडं पाहिलं.

धैर्यशीलनं काकूंचं शब्दशः ऐकलं. गार पाण्यातून काढली, दाबली, पसरली, ब्रश केला, वाफ दिली, एक दिवस निजू दिली. झोपलेल्या शालीजवळून जाताना तो चप्पलसुद्धा वाजवत नव्हता. मोजेही तसेच वाळवले. शाल खरोखर पहिल्यासारखी मऊ झाली. वासराच्या लाळेचा वास तेवढा राहिला होता, पण तो फक्त वासरालाच येत होता.

तालमीला आम्ही शाळेच्या पटांगणावर जमलो. धैर्यशीलनं शाल खांद्यावर लावली, बिल्ला अडकवला, पाईप काखेत घेतला आणि छाती काढून चालू लागला.

शाल दहा पावलं नीट राहिली. मग डाव्या खांद्यावरून मागं सरकली आणि कमरेवर गोळा होऊन बसली. मागून तो पाठुंगळीला पोर घेऊन निघालेल्या बाईसारखा दिसत होता. मी पाठी बघतो, म्हणून सांगतो.

“लोंबत न्हाई,” मेजर झाडाखालच्या खुर्चीवरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील हसतच आला. शाल खांद्यावर चढवली आणि खरंच, ती सरळ खाली आली. अगदी ओळंब्यात. बँड सुरू झाला. आम्ही चार पावलं टाकली असतील नसतील, आणि मला माझ्या ढोलाशिवाय आणखी एक ठोका ऐकू येऊ लागला.

टक. टक टक. टक.

मी गोंधळलो. छोट्या ढोलाचा बजरंग त्या ठोक्यावर गेला. पाईपवाले बजरंगाच्या मागं गेले. मी एकटा खरा ताल धरून होतो आणि म्हणून एकटाच चुकलेला दिसत होतो. ही गोष्ट मला अजून टोचते.

मेजरांनी काठी वर केली. आम्ही थांबलो. टक टक मात्र आणखी दोनदा झालं.

मेजर लंगडत आले. त्यांनी शालीचा खालचा काठ बोटांनी चाचपला.

“हे काय?”

धैर्यशील खाली बघू लागला.

“शिसं.”

“कसलं?”

“मासे धरायच्या जाळ्याला लावत्यात ते. काठात शिवलंय. पोटरीला लागतंय थोडं.”

मोजे खाली करून पोटऱ्या पाहिल्या तर लाल झाल्या होत्या. मोज्यांच्या लाल पट्ट्या आणि पोटऱ्या वेगळ्या ओळखू येईनात.

“मासा लागला का?” मेजरांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग काढ.”

त्या संध्याकाळी मेजरांच्या ओसरीवर धैर्यशील एकेक टाका उसवत बसला होता. रविवार परवावर आला होता. त्याचा चेहरा इतका उतरला होता की काकूंनी न विचारता त्याच्यापुढं दुसऱ्यांदा चहा ठेवला.

“मेजर,” तो म्हणाला, “धुवून झाली. वाफ झाली. निजवून झाली. वजन झालं. आता आणखी काय करू?”

मेजरांनी त्याच्या मांडीवरून शाल उचलली. भिंतीत एक लाकडी खुंटी होती, तिला कासरा टांगलेला होता. त्यांनी कासरा काढला आणि शाल खुंटीला अडकवली.

शाल खाली आली. घडीवर घडी, चौकडीखाली चौकडी. ओसरीवरचा वारा आला तेव्हा ती जरा हलली आणि पुन्हा जागेवर आली. इतकी देखणी शाल मी बँडात आल्यापासून पाहिली नव्हती.

“खुंटीनं काय केलं?” मेजरांनी विचारलं.

धैर्यशीलनं खुंटीकडं पाहिलं...

“काय न्हाई केलं.”

मेजर अडकित्ता शोधायला आत निघून गेले.

आता दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर घरी जाऊन विचार केला असता. धैर्यशील दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि खुंटीशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“काय करतूयास?” मी विचारलं.

“काय न्हाई करत,” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

काही न करायला त्याला घाम फुटला होता. मान ताठ, मुठी आवळलेल्या, छाती तर अशी फुगलेली की सदऱ्याचं बटण जायच्या बेतात. भरतीच्या मैदानावर ती बोटभर कमी भरली, तेव्हापासून त्यानं ती खाली सोडलीच नव्हती. जेवताना फुगलेली, बोलताना फुगलेली. फुगली की डावा खांदा वर यायचा. मला हे सगळं दिसत होतं. पण छातीबद्दल त्याच्याशी कोण बोलणार?

काकू हातात ओला टॉवेल घेऊन आल्या. दोरीवर जागा नव्हती. त्यांनी धैर्यशीलकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं, आणि टॉवेल धैर्यशीलच्या खांद्यावर टाकून आत गेल्या.

टॉवेल सरकला आणि खाली पडला. काकूंनी आतून पाहिलं, येऊन उचलला, झटकला आणि पुन्हा टाकला. पुन्हा पडला.

“ह्या खुंटीत दम न्हाई,” काकू म्हणाल्या. तिसऱ्यांदा टॉवेल टाकून त्या शेजारणीकडं हळद आणायला गेल्या.

ऊन कललं. ओसरीवर सावली आली. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मेजर खुर्चीत बसून समोर बघत होते. धैर्यशील उभ्या उभ्या झोपला होता. तोंड उघडं, खांदे उतरलेले, मुठी सुटलेल्या, छाती जाग्यावर गेलेली. आणि टॉवेल त्याच्या खांद्यावरून थेट गुडघ्यापर्यंत नीट लोंबत होता. वाळलासुद्धा होता.

मी हळूच म्हणालो, “मेजर, उठवू का? त्याला दाखवायला पायजे.”

मेजरांनी ओठांवर बोट ठेवलं.

पण माझ्या आवाजानं तो जागा झालाच. दचकला, खांद्यावर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“लोंबतोय! मेजर, लोंबतोय की!”

म्हणता म्हणता छाती वर आली आणि टॉवेल खाली पडला.

धैर्यशील पडलेल्या टॉवेलकडं बघत राहिला...

“टॉवेल लोंबतो,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “मग शाल का लोंबत न्हाई?”

“टॉवेल तुझ्या खांद्यावर हाय हे तुला ठाऊकच न्हवतं,” मेजर म्हणाले.

“मग मी काय झोपून चालू?”

मेजरांनी खांदे उडवले. त्यांना तेही चाललं असतं, असं मला वाटलं.

रविवार उजाडला. स्टँडवर पताका लागल्या, रांगोळी निघाली, बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या राहिल्या. धैर्यशीलची आई सगळ्यांच्या पुढं होती. ती सारखी टाचा उंचावून वळणाकडं बघत होती, म्हणून ताट शेजारणीनं धरलं होतं.

आम्ही वडाखाली रांगेत उभे होतो. धैर्यशीलनं पहाटेच उठून शालीला वाफ दिली होती. तो पुढं उभा राहिला. मेजर त्याच्या पाठीमागं आले. शाल खांद्यापासून आत्ताच वळायला लागली होती.

मेजरांची काठी तिथंच थांबली.

धैर्यशीलला न बघताच कळलं. त्यानं बिल्ला काढला. शाल उतरवली, घडी न घालता दोन्ही हातांवर घेतली आणि मेजरांपुढं धरली.

“तुम्ही चला पुढं,” तो म्हणाला. “मला न्हाई जमत. मी मागं रांगेत वाजवतो. दादा उतरला की त्याला नीट वाजवत घरी न्यायचा, बास.”

मला त्याच्याकडं बघवेना. मी ढोलाच्या दोऱ्या आवळायला लागलो. त्या आधीच आवळलेल्या होत्या.

मेजरांनी शाल घेतली. एकदा झटकली. मग धैर्यशीलच्याच खांद्यावर टाकली आणि बिल्ला लावला.

“आवं पण लोंबत न्हाई ती...”

“गाडी आली,” मेजर म्हणाले.

गाडी खरंच आली होती. धुरळा उडवत ती वळणावर दिसली, थांबली, आणि दारातून आधी काळी ट्रंक बाहेर आली. मग हवालदार रणधीर उतरला. कानशिलं पांढरी झाली होती. त्यानं सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, ती आईवर थांबली, आणि तो वाकून तिच्या पायांशी गेला. उठला तेव्हा त्याला समोर घागरा, मोजे, पाईप आणि त्यांच्या आत आपला धाकटा भाऊ दिसला.

रणधीरनं खाडकन सलाम ठोकला.

फौजेत आयुष्य काढलेल्या माणसानं, ज्याला फौजेनं घेतलं नाही त्याला.

धैर्यशीलनं पाईप फुगवला होता. सूर निघाला, पण त्याचा चेहरा पिळवटला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाईप वाजवणाऱ्याला डोळे पुसता येत नाहीत. हात दोन्ही अडकलेले असतात. त्यानं तसंच वाजवलं, तसंच वळून पाऊल टाकलं, आणि आम्ही मागून निघालो.

मी पाठी बघतो. त्या दिवशी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत माझ्यासमोर एक पाठ होती. खांदा उतरलेला होता. छाती हुंदक्याबरोबर वरखाली होत होती, आणि हुंदका संपला की खाली जात होती. शाल त्या खांद्यावरून पोटरीपर्यंत सरळ आली होती, आणि पावलागणिक जेवढी हलायला हवी तेवढीच हलत होती. मी दोन ठोके चुकलो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेजर बाजूनं काठी टेकत चालले होते. त्यांचं लक्ष कुठं होतं ते मी पाहिलं नाही.

देवळापाशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, रणधीरला पोरांनी खांद्यावर घेतलं. धैर्यशील गर्दीतून वाट काढत मेजरांपाशी आला. नाक लाल, डोळे सुजलेले. आल्या आल्या त्याचा हात डाव्या खांद्याकडं गेला. वाटेत त्याला शालीची आठवणच राहिली नव्हती, ती आत्ता झाली होती.

“मेजर... शाल?”

मेजर पेढा खात होते.

“मेजर, सांगा की. कशी लोंबत हुती?”

मेजरांनी पेढा संपवला. बोटं धोतराला पुसली...

“काय ठाऊक, लेका. मी तुझ्या दादाकडं बघत हुतो.”